मदत घ्यायची कोणी : विद्यार्थ्यांनी की शिक्षकांनी?

पत्राचा सारांश : एका विद्यापीठात सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांना प्रास्ताविक संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका तरुण सहायक प्राध्यापिकेचे हे पत्र आहे. त्यांच्या वर्गात सुमारे १२० विद्यार्थी असतात आणि गेल्या दोन्ही सत्रांत त्यांपैकी जवळपास एक तृतीयांश विद्यार्थी नापास झाले किंवा त्यांनी अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडला. विद्यापीठाच्या शैक्षणिक साहाय्य केंद्रात विषयवार शिकवणी, लेखनाचे मार्गदर्शन आणि अभ्यासकौशल्यांच्या कार्यशाळा विनामूल्य मिळतात. पहिल्या चाचणीत कमी गुण पडलेल्या ४० विद्यार्थ्यांना त्यांनी केंद्रात जाण्याविषयी ईमेल पाठवला. त्यांपैकी चारच जण गेले. ‘ज्यांना खरी गरज आहे तेच फिरकत नाहीत,’ अशी त्यांची खंत असून, पुढच्या सत्रापासून केंद्रात जाणे सक्तीचे करावे आणि न जाणाऱ्यांचे अंतर्गत गुण कापावेत, असे त्यांच्या मनात आहे. दरम्यान विभागप्रमुखांनी त्यांना ‘तुम्हीही एकदा अध्यापन विकास कक्षाशी (शिक्षकांना शिकवण्याविषयी सल्ला देणाऱ्या कक्षाशी) बोलून पाहा’ असे सुचवले. याने त्या दुखावल्या आहेत. त्यांचा परिवीक्षा काळ (प्रोबेशन) अजून संपलेला नाही. कक्षात गेल्याची कोठेतरी नोंद राहील आणि ‘हिला शिकवता येत नाही’ असा शिक्का बसेल, अशी त्यांना भीती वाटते. सक्ती करावी का, आणि आपण स्वतः कक्षात जावे का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राच्या पहिल्या भागात विद्यार्थी केंद्रात का जात नाहीत याची तुम्ही दिलेली कारणे आहेत : आळस, बेफिकिरी, विषयाविषयीची अनास्था. दुसऱ्या भागात तुम्ही स्वतः कक्षात का जाऊ इच्छित नाही याची कारणे आहेत : लोक काय म्हणतील, नोंद कोठे जाईल, एवढेही आपल्याला जमू नये का. हे दोन्ही भाग एकदा शेजारी ठेवून वाचावेत, अशी माझी विनंती आहे. तुम्ही आळशी नाही आणि बेफिकीर तर मुळीच नाही, हे तुमच्या पत्राच्या ओळीओळीतून दिसते. तरीही मदतीच्या दारापर्यंत जाताना तुमचे पाऊल अडखळले. मग ज्या ३६ विद्यार्थ्यांनी तुमचा ईमेल वाचला आणि बंद केला, त्यांच्यापैकी निदान काहींच्या मनात अगदी हेच आले असेल, असे मानायला काय हरकत आहे?

त्या ईमेलची प्रत तुम्ही सोबत जोडली, हे फार बरे केले. त्यात दोनच वाक्ये आहेत : ‘चाचणीतील आपली कामगिरी असमाधानकारक आहे. कृपया शैक्षणिक साहाय्य केंद्राशी त्वरित संपर्क साधावा.’ हा ईमेल निकाल लागला त्याच संध्याकाळी गेला. आता तो मिळालेल्या विद्यार्थ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. आपण नापास होण्याच्या काठावर आहोत हे त्याला नुकतेच कळले आहे. केंद्रात जाऊन कोणाला भेटायचे, सोबत काय न्यायचे आणि नेमके काय विचारायचे, यातले त्याला काहीच ठाऊक नाही. ‘मला संख्याशास्त्र समजत नाही’ या वाक्याने अनोळखी माणसाशी बोलणे सुरू करणे कोणालाही जड जाते, आणि ज्याला विषय समजलेला नाही त्याला आपले नेमके काय समजलेले नाही हे सांगता येत नाही, ही तर या सगळ्यातली मूळ अडचण आहे.

याऐवजी असा ईमेल लिहून पाहा : ‘तिसऱ्या प्रश्नात तुम्ही प्रमाण विचलन अचूक काढले आहे. प्रमाण त्रुटी काढताना मात्र त्याला नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळाने भागायचे राहून गेले, आणि पुढची सगळी उत्तरे त्यामुळे चुकली. ही उत्तरपत्रिका घेऊन या आठवड्यात केंद्रात जा आणि भागाकार का करायचा एवढेच समजावून घ्या. शुक्रवारच्या तासानंतर मला दोन मिनिटे भेटून ते तुमच्या शब्दांत सांगा.’ चाळीस जणांना चाळीस वेगळे ईमेल लिहिणे शक्य नाही, हे मला मान्य आहे. पण उत्तरपत्रिका तपासताना तुमच्या लक्षात आलेच असेल की, चुका चाळीस प्रकारच्या नसतात. चार-पाच प्रकारच्या असतात. तेवढेच मजकूर तयार ठेवले तरी काम भागते. विद्यार्थ्याला काय जमले ते आधी सांगावे, कोठे अडले ते नेमके दाखवावे आणि केंद्रात जाण्याचे काम एका प्रश्नापुरते मर्यादित ठेवावे.

यापेक्षाही महत्त्वाचा मुद्दा वेळेचा आहे. केंद्राचे नाव विद्यार्थ्यांनी तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले ते गुण कमी पडल्यावर, म्हणजे केंद्राची ओळखच शिक्षा म्हणून झाली. सत्राच्या पहिल्या आठवड्यात, कोणालाही गुण मिळालेले नसताना, केंद्रातील मार्गदर्शकाला दहा मिनिटे तुमच्या वर्गात बोलवावे. त्याने आपण काय करतो, काय करत नाही, वेळ कशी ठरवायची, हे सांगावे आणि एक लहानसे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवावे. चेहरा ओळखीचा झाला की निम्मा संकोच तेथेच जातो.

आता तुमच्या पत्रातील त्या वाक्याकडे वळतो, ज्याच्याशी मी सहमत नाही : ‘ज्यांना खरी गरज आहे तेच.’ या वाक्यामागे असे गृहीत आहे की वर्गात दोन जाती असतात, एक हुशारांची आणि एक कच्च्यांची, आणि साहाय्य हे दुसऱ्या जातीसाठी असते. हे गृहीत फार जुने असून त्याची चांगली उलटतपासणी पूर्वीच झालेली आहे. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील संकुलात १९७३ मध्ये डीआना मार्टिन यांनी पूरक अध्यापनाची एक पद्धत सुरू केली, जी पुढे अनेक देशांतील विद्यापीठांनी स्वीकारली. त्यांनी धोक्यातले विद्यार्थी शोधण्याऐवजी धोक्याचे अभ्यासक्रम शोधले. ज्या अभ्यासक्रमात सुमारे ३० टक्के किंवा त्याहून अधिक विद्यार्थी अगदी खालची श्रेणी मिळवतात, नापास होतात किंवा मध्येच बाहेर पडतात, तो अभ्यासक्रमच अवघड मानायचा आणि मदतीची सत्रे त्यातील सर्वांसाठी खुली ठेवायची. सत्र चालवणारा हा पूर्वी तोच अभ्यासक्रम उत्तम रीतीने पूर्ण केलेला विद्यार्थी असतो. तो पुन्हा सर्व तासांना वर्गात बसतो आणि नंतर आपल्या सहाध्यायींसोबत त्या आठवड्याचे काम हाताळतो. तो तास पुन्हा शिकवत नाही. प्रश्न विचारतो, एकाने दुसऱ्याला समजावून सांगावे असे घडवून आणतो. येणे ऐच्छिक असते. तुमच्या अभ्यासक्रमाचे आकडे पाहता तो या व्याख्येत सरळ बसतो, आणि तसे म्हटल्याने तुमच्या एकाही विद्यार्थ्याच्या कपाळावर काही लिहिले जात नाही.

दुसरे उदाहरण बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे आहे. तेथे १९७० च्या दशकात गणिताचे अभ्यासक यूरी ट्राइसमन यांना असे दिसले की, कलनशास्त्राच्या (कॅल्क्युलसच्या) अभ्यासक्रमात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर मागे पडत आहेत, तर चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले यश मिळवत आहेत. सहकाऱ्यांना विचारले तेव्हा ठरावीक उत्तरे मिळाली : प्रेरणा कमी, पूर्वतयारी कमी, घरचे वातावरण नाही. ट्राइसमन यांनी अंदाजावर न थांबता विद्यार्थी प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात हे त्यांच्यासोबत राहून पाहिले. मागे पडणारे विद्यार्थी कष्टाळू होते, पण ते एकेकटे अभ्यास करत होते. यशस्वी ठरणारे विद्यार्थी एकटे बसून काम केल्यावर एकत्र जमत, उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत. त्यामुळे एखादे उदाहरण आपल्याला सुटत नाही ते आपण कच्चे म्हणून की ते खरोखरच अवघड म्हणून, हेही त्यांना कळत असे. त्यानंतर ट्राइसमन यांनी जे कार्यशाळावर्ग उभे केले, त्यांत सोपी उजळणी नव्हती. वर्गातल्यापेक्षा अवघड उदाहरणे गटाने सोडवायला दिली जात. तेथे जाणे कमीपणाचे वाटण्याचे कारणच उरले नाही आणि निकालही बदलला.

म्हणून सक्तीविषयी माझे मत असे आहे. कमी गुण मिळालेल्यांवरच सक्ती आणि न जाणाऱ्यांचे गुण कापणे, हे करू नये. ज्याचे गुण आधीच कमी आहेत त्याचेच आणखी कमी होतील, आणि जे जातील ते सही घेऊन परततील. मार्गदर्शकांनाही अशा विद्यार्थ्यांचे काय करावे हे कळत नाही. मात्र पहिली भेट सर्वांसाठीच अभ्यासक्रमाचा भाग करणे ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्या गृहपाठाचा एक भाग म्हणून प्रत्येकाने केंद्रात एकदा जाऊन एका उदाहरणावर चर्चा करावी आणि तेथे काय उलगडले ते पाच ओळींत लिहावे, असे ठेवता येईल. ९० गुण मिळवणारी विद्यार्थिनीही जाते आणि ३० गुणांचा विद्यार्थीही जातो, त्यामुळे तेथून बाहेर पडताना कोणी पाहिले तरी त्याचा काही अर्थ निघत नाही. त्यापूर्वी एवढे मात्र अवश्य करा : १२० विद्यार्थी पंधरा दिवसांत पाठवले तर केंद्राला झेपेल का, हे केंद्राच्या प्रमुखांना आधी विचारा. बहुतेक केंद्रांत मार्गदर्शक मोजकेच असतात, आणि आगाऊ सूचना न देता पूर्ण वर्ग धाडणारे प्राध्यापक त्यांच्या फारसे आवडीचे नसतात.

जे येऊच शकत नाहीत त्यांचाही विचार हवा. दुपारी काम करणारा, घरी लहान मूल असलेला किंवा लांबून ये-जा करणारा विद्यार्थी दहा ते पाच चालणाऱ्या केंद्रात कधी जाणार? त्या ४० जणांपैकी किती जण अशा परिस्थितीत आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर एका निनावी प्रश्नावलीत ‘केंद्रात न जाण्याचे तुमचे कारण काय?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. वेळ हेच कारण निघाले तर संध्याकाळचे एखादे ऑनलाइन सत्र मागून घेणे हे समजूत घालण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

हे सदर वाचणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी येथे थोडे विषयांतर करतो. केंद्रात रिकाम्या हाताने जाऊ नका. अर्धवट सोडवलेले उदाहरण, खोडलेला कच्चा आराखडा, प्रश्नपत्रिका, जे असेल ते न्या. कोरा कागद पाहून मार्गदर्शकाला काहीच करता येत नाही. तो तुमचे उत्तर लिहून देणार नाही आणि त्याने देऊही नये. लेखन मार्गदर्शनाकडून शुद्धलेखन तपासून घेण्याची अपेक्षा बहुतेक जण ठेवतात. त्याचा खरा उपयोग तुमचा युक्तिवाद तिसऱ्या परिच्छेदात का तुटतो हे समजण्यासाठी आहे, आणि त्यासाठी सादर करण्याच्या आदल्या रात्री नव्हे, तर आठवडाभर आधी जावे लागते. प्रबंधासाठी संदर्भ सापडत नसतील तर तासन्‌तास शोधयंत्रावर घालवण्यापूर्वी ग्रंथालयातील विषयतज्ज्ञ ग्रंथपालाची अर्ध्या तासाची वेळ घ्या. ही सेवा सर्वांत कमी वापरली जाते असा माझा समज आहे आणि तसे का व्हावे हे मला कधीच समजलेले नाही.

आणखी एक गोष्ट, जी प्रत्येक अभ्यासकौशल्य मार्गदर्शक सांगतो आणि कोणी मनावर घेत नाही. पुन्हा पुन्हा वाचल्याने समजल्यासारखे वाटते, पण ते टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले. मात्र आठवड्यानंतर, पुस्तक मिटवून स्वतःला आठवून पाहणारे बरेच पुढे निघाले. गंमत अशी की, आपल्याला अधिक लक्षात राहील अशी खात्री पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होती. चाचणीनंतर ‘मी तर चार वेळा वाचले होते’ असे सांगणारे तुमचे विद्यार्थी बहुधा खोटे बोलत नसतात.

अपंगत्व साहाय्य कक्ष मात्र या सगळ्यापासून वेगळा आहे, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक किंवा मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका ही शिकवणी नाही आणि उपकारही नाही. कक्षाचे पत्र आले की तरतूद करावी. निदान काय आहे हे विद्यार्थ्याला विचारू नये, आणि वर्गासमोर तर कधीच नाही. तसेच अभ्यासाच्या आडून झोप उडणे, घरातील संकट किंवा जगण्याविषयीची निराशा डोके वर काढताना दिसली, तर तेथे संख्याशास्त्राची शिकवणी कामाची नाही. समुपदेशकाकडे स्वतः सोबत जाऊन पोहोचवून देणे हे तेव्हा शिक्षकाचे काम असते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. अध्यापन विकास कक्षांची निर्मिती न शिकवता येणाऱ्यांना दुरुस्त करण्यासाठी झाली, असा समज बराच पसरलेला आहे. अमेरिकेतील या प्रकारचे पहिले केंद्र मिशिगन विद्यापीठात १९६२ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या नावातच अध्ययन व अध्यापन यांवरील संशोधन आहे. संशोधन करणाऱ्या माणसाने आपल्या प्रयोगाची मांडणी दुसऱ्याला दाखवणे आपण स्वाभाविक मानतो, पण तोच माणूस आपला तास दुसऱ्याला दाखवायला लाजतो. पीएच.डी.साठी अनेक वर्षे मार्गदर्शन घेतलेल्या माणसाला १२० जणांसमोर शिकवण्यासाठी एक दिवसाचेही मार्गदर्शन मिळालेले नसते, ही वस्तुस्थिती आहे, आणि त्यात तुमचा दोष नाही.

तुमची नोंदीची भीती मात्र निराधार म्हणून मी उडवून लावणार नाही. साहाय्य आणि मूल्यमापन या दोन गोष्टी वेगळ्या हातांत असायला हव्यात. बऱ्याच ठिकाणी त्या तशा असतात, पण सगळीकडे असतीलच असे नाही. म्हणून जाण्याआधी कक्षाला एक छोटा ईमेल लिहून चारच गोष्टी विचाराव्यात. माझ्या भेटीची नोंद कोण पाहू शकते? वर्गनिरीक्षण झाले तर त्याची टिपणे कोणाकडे राहतात? विभागप्रमुखांनी विचारले तर तुम्ही काय सांगता? परिवीक्षेच्या अहवालाशी कक्षाचा काही संबंध असतो का? उत्तर लेखी आणि स्पष्ट आले, तर निःशंक जावे. उत्तर मोघम आले, तर कक्षाच्या खुल्या कार्यशाळांपासून सुरुवात करावी, जेथे सगळ्याच विभागांचे लोक येतात, आणि निरीक्षणासाठी दुसऱ्या विभागातील विश्वासातल्या सहकाऱ्याला बोलवावे.

कक्षात गेल्यावर ‘माझे शिकवणे कसे आहे ते पाहा’ असे म्हणू नका. त्यातून फारसे काही निष्पन्न होत नाही. सत्राच्या मध्यावरचा अभिप्राय मागा. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टन विद्यापीठात जोसेफ क्लार्क यांनी विकसित केली आणि ती अगदी साधी आहे. तुमच्या तासाची शेवटची वीस-पंचवीस मिनिटे कक्षातील व्यक्ती घेते आणि तुम्ही वर्गाबाहेर जाता. विद्यार्थी लहान गटांत बसून शिकायला कशाची मदत होते, कशाचा अडथळा होतो आणि काय बदलता येईल, यावर चर्चा करतात, आणि बहुतेकांना मान्य असलेले मुद्देच ती व्यक्ती लिहून घेते. त्यामुळे एखाद्या रागावलेल्या विद्यार्थ्याचे वाक्य तुमच्या उरावर बसत नाही. अहवाल फक्त तुम्हाला मिळतो. सत्राअखेरच्या अभिप्रायाचा उपयोग झालाच तर पुढच्या वर्गाला होतो. हा मात्र ज्यांनी दिला त्यांच्याच कामी येतो.

यातील अवघड भाग पुढच्या तासाला येतो. त्या दिवशी पहिली पाच मिनिटे घेऊन वर्गाला सांगा की तुम्ही हे म्हणालात, त्यातले हे दोन बदल मी आजपासून करते आहे आणि ही तिसरी गोष्ट मी बदलणार नाही, कारण असे आहे. ‘उदाहरणे फळ्यावर फार भरभर सोडवली जातात’ असे निघाले, तर मधली एक पायरी वर्गाकडून करून घेणे तुम्हाला लगेच जमेल. ‘गृहपाठ कमी करा’ असे निघाले, तर नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. याच पाच मिनिटांत, मीही माझ्या शिकवण्याबद्दल कक्षाचा सल्ला घेतला, हे सहजपणे सांगता आले तर सांगा. केंद्रात जा असे दहा वेळा सांगण्यापेक्षा याचा परिणाम अधिक होईल असे मला वाटते. पण मन तयार नसेल तर ओढूनताणून सांगू नका, विद्यार्थ्यांना ते लगेच कळते.

विभागप्रमुखांच्या सूचनेत तुम्हाला आरोप ऐकू आला. त्यांच्या मनात काय होते हे तुम्हाला आणि मला दोघांनाही ठाऊक नाही, म्हणून त्यांनाच विचारणे बरे. ‘तुम्ही तसे का सुचवलेत?’ असे न विचारता, तयारीने जाऊन बोला : हे दोन सत्रांचे निकाल, चुकांचे हे चार प्रकार, केंद्राशी मिळून पुढच्या सत्रात हे करण्याचा माझा विचार आहे, आणि त्यासाठी मागच्या वर्षीच्या चांगल्या विद्यार्थ्यांपैकी दोघांना मानधनावर सहाध्यायी मार्गदर्शक म्हणून नेमण्याची परवानगी हवी आहे. या बोलण्याची तारीख आणि ठरलेले मुद्दे नंतर ईमेलने त्यांना पाठवून ठेवा. परिवीक्षेच्या अहवालाची वेळ येईल तेव्हा हा ईमेल तुमच्याच बाजूने उभा राहील.

हे सगळे करूनही पुढच्या दोन सत्रांत आकडा हलला नाही, तर दोष विद्यार्थ्यांतही नाही आणि तुमच्यातही नाही, अशी शक्यता तपासावी लागेल. शाळेनंतर गणिताला हात न लावलेल्या विद्यार्थ्यांना बारा-तेरा आठवड्यांत अनुमानात्मक संख्याशास्त्रापर्यंत, म्हणजे नमुन्यावरून संपूर्ण समूहाविषयी निष्कर्ष काढण्यापर्यंत, न्यायचे असे अभ्यासक्रमातच लिहिले असेल, तर कोणतेही साहाय्य केंद्र ते भरून काढू शकत नाही. तेव्हा हेच निकाल, केंद्रातील उपस्थितीची एकत्रित आकडेवारी आणि चुकांची वर्गवारी घेऊन अभ्यास मंडळाकडे जावे आणि एक पूर्वतयारीचा घटक जोडण्याची किंवा अभ्यासक्रम दोन सत्रांत विभागण्याची मागणी करावी. त्यासाठी लागणारी कागदपत्रे या सत्रापासूनच जपून ठेवायला लागा, विद्यार्थ्यांची नावे वगळून.